दुपारी काढलेला फ्यूज

ताई गेल्याच्या चौदाव्या दिवशी मी पुन्हा कामाला लागले. शेजारणी म्हणाल्या, एवढी घाई कशाला? मी म्हटलं, घरी बसून काय करू? खरं म्हणजे मला घाई नव्हती आणि घरी बसायला काही अडचणही नव्हती. सकाळी फोन आला की टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीतल्या, एका घरातला दिवा बंद पडलाय, म्हणून मी बॅग उचलली. फोन आला नसता तर बसून राहिले असते.

मी देवरीत राहते. जिथं विजेचे खांब पोचलेले नाहीत त्या वस्त्यांवर घरोघरी सोलरचे संच बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे माझं काम. प्रशिक्षण तिरोड्याला झालं. वर्गाच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि आत आम्ही शंभर वॅटचं पॅनल कसं जोडायचं ते शिकायचो. त्याला सहा वर्षं झाली. चिचगडच्या पलीकडे जंगलात ज्या वस्त्या आहेत त्या माझ्याकडे असतात. स्कूटी जाते तिथपर्यंत स्कूटीनं जायचं, पुढे चालत.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं. पुढे तिचं लग्न मोडलं, ती परत आली आणि आम्ही दोघीच राहिलो. मग तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस, असं दीड वर्ष चाललं. जानेवारीत एका सकाळी मशीनला लावायच्या आधीच ती गेली. मी खाली कॅन्टीनमध्ये चहा घेत होते. नर्स मला शोधत आली आणि तिनं सांगितलं. मी ‘हो’ म्हटलं, ग्लासातला उरलेला चहा संपवला आणि मग उठले. त्यानंतर कागदांवर सह्या, गाडी, नातेवाइकांना फोन, सगळं मीच केलं. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल. मीही तेच धरून चालले, की येईल.

ज्या घरातून फोन आला होता ते सहा घरांच्या टोल्यातलं शेवटचं. मुख्य गावात वीज आहे, टोल्यावर नाही. मधली जमीन जंगल खात्याची, तिथं खांब रोवायची परवानगी अडकलेली. घरात नवरा-बायको दोघंच. मी त्यांना मामा-मामी म्हणते. दोघंही साठीच्या पुढचे. मुलगी लग्न होऊन छत्तीसगडात गेलेली. मामीला जंगलाची सगळी कामं येतात : मोहफुलं वेचणं, तेंदूची पानं तोडणं, डिंक काढणं. मामा बाजेवर असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. डावा हात आणि डोळे एवढ्यावर त्यांचं बोलणं चालतं. मामी त्यांच्याकडे हात करून म्हणायची, “दिवा गेला का यायचं बोलणं बंद. अंधारात मले यायचा हात कोठं दिसते?” त्यामुळे त्या घरात दिवा बंद पडणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माहीत होतं एवढंच. त्या दिवसांत मला सगळ्याच गोष्टी नुसत्या माहीत असायच्या.

संच साधा होता. छपरावर पॅनल, भिंतीशी बॅटरी आणि दोघांच्या मध्ये तळहाताएवढा डबा, तो चार्ज कंट्रोलर. ऊन चढलं की पॅनल बॅटरीला झेपेल त्याहून जास्त दाब देतं. कंट्रोलर तो आवरून घेतो, बॅटरी भरली की देणं कमी करतो आणि बॅटरी फार उतरली तर दिवा बंद करतो. डबा गेला की सगळंच गेलं.

या घरातला पहिला डबा डिसेंबरात गेला होता, संच बसवून दोन महिने होतात न होतात तोच. मी नवा बसवला. आता तोही गेला होता. मी मल्टीमीटर काढला. पॅनल वीस व्होल्टच्या वर दाखवत होतं, ठीक. बॅटरी बारा, थोडी उतरलेली पण ठीक. बॅटरीच्या वायरीवर काळ्या नळीसारखा एक होल्डर असतो, त्यात काचेचा फ्यूज. होल्डर हातानं फिरवून उघडला, फ्यूज तपासला, मीटर वाजला. फ्यूज शाबूत. त्याची टोकं जरा काळी पडलेली दिसली. मी ती पॉलिश पेपरनं घासली आणि परत लावली. मग कंट्रोलर उघडला. जळकट वास आणि आतल्या सर्किटच्या पाटीवर काळा डाग. पहिल्याचंही असंच होतं.

मामा बाजेवरून बघत होते. त्यांनी डावा हात उचलला, डब्याकडे केला, मग मामीकडे, मग पुन्हा डब्याकडे. घशातून आवाज काढत होते.

“पंखा मांगून राहिले,” मामी म्हणाली. “थांबा नं जरा. ती करूनच राहिली.”

मी नवा डबा बसवला. पंखा लावला. मामांनी पंख्याकडे पाहिलंही नाही. हात तसाच डब्याकडे. मी म्हटलं, “हो मामा, झालं, चालू झालं.” त्यांनी हात खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. साडेदहा वाजले होते. मला पुढच्या गावात अंगणवाडीचा संच बघायचा होता. मी निघाले.

वाटेत गोंदियाला सुपरवायझरला फोन केला. सांगितलं की एकाच घरातले दोन डबे सारखेच जळलेत.

“अरे मॅडम, वो लॉट ही खराब है,” तो म्हणाला. “और जगह से भी कंप्लेंट आ रही है. बदल दिया ना? बस, फोटो डाल दो.”

मी फोटो टाकला. लॉट खराब असेल असं मलाही वाटलं. त्यापुढचा विचार करण्याइतकं माझ्यात काही नव्हतं. ताई असती तर संध्याकाळी तिला सांगितलं असतं आणि सांगता सांगता एखादी गोष्ट खटकली असती. ती विजेतलं काही शिकलेली नव्हती, पण प्रश्न बरोबर विचारायची. आता घरी गेल्यावर मी भात टाकायची, तोही कधी कधी दोघींपुरता, आणि उरलेला सकाळी खायची. झोप येत होती. कामं होत होती. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणायची, आणि वाईट वाटत होतं असंही नव्हतं. सगळं कापसात गुंडाळल्यासारखं दूर होतं.

मार्चमध्ये, मोहफुलं पडायला लागली तेव्हा, त्याच घरातून तिसऱ्यांदा फोन आला.

या वेळी मी सकाळी लवकर पोचले. मामी मोह वेचून आलेली होती आणि अंगणात फुलं पसरत होती. मला बघून म्हणाली, “आली का वो बाई? पुन्हा गेला तो. चार रोज झाले. यायची जेवताना लय फजिती होते.”

तिसरा डबाही तसाच. जळकट वास, काळा डाग. आता मी सगळं पहिल्यापासून तपासलं. वायरी उलट लागल्यात का, छपरातून पाणी आत येतं का, पॅनलच्या मागचा जोड सैल आहे का, बॅटरीच्या पट्ट्या घट्ट आहेत का. शिडीवर चढून पॅनलवरचा नंबरही वाचला, चुकून मोठं पॅनल तर नाही ना. काही सापडलं नाही. फ्यूज पुन्हा शाबूत आणि टोकं पुन्हा काळी. मी ती पुन्हा घासली. चौथा डबा बसवून झाला तेव्हा दहा वाजले होते.

एरवी मी निघाले असते. पण त्या दिवशी पुढच्या गावची अंगणवाडी बंद होती. मदतनीस बाईंनी फोनवर सांगितलं, आज येऊ नका. म्हणजे दिवस मोकळा. घरी जायचं तर घरात कुणी नव्हतं. मी बॅग बंद केली आणि भिंतीला टेकून बसून राहिले. का बसले, सांगता येणार नाही. उठायला काही कारण नव्हतं एवढंच.

मामीनंही काऊन बसली म्हणून विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. जेवताना म्हणाली, “तुही बहीण गेली म्हणे. गावातली आशाबाई सांगे.”

“हो.”

“मोठी का लहान?”

“मोठी. तिनंच वाढवलं मला.”

मामीनं माझ्याकडे नीट पाहिलं. “रडली का?”

“नाही.”

“काऊन?”

“येतच नाही.”

“नसन येत तं नको रडू,” ती म्हणाली आणि मामांना भरवायला गेली. दीड महिन्यात एवढं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

ऊन चढलं. मामांवर पंखा फिरत होता. मी कंट्रोलरवरच्या दिव्यांकडे बघत होते, दुसरं बघण्यासारखं नव्हतं म्हणून. लाल दिवा म्हणजे बॅटरी उतरलेली, पिवळा म्हणजे भरते आहे. चार दिवस दिवा लागलाच नव्हता, त्यामुळे बॅटरी फारशी उतरलेली नव्हती. बाराच्या सुमारास पिवळा जाऊन हिरवा लागला. भरली.

मामी अंगणातून आत आली. पदराला हात पुसले. एकदा हिरव्या दिव्याकडे बघितलं, पंख्याचं बटण बंद केलं, खाली वाकली आणि सराईत हातानं बॅटरीच्या वायरीवरचा काळा होल्डर फिरवून उघडला. आतून बारीक ठिणगीचा चट्ट आवाज आला. तिनं काचेचा फ्यूज बाहेर काढला, मामांच्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकला आणि डबी खिडकीत ठेवली.

मामांनी डावा हात उचलून बाजेवर आपटला. एकदा, दोनदा. डोळे माझ्यावर.

मी एकदम उभी राहिले. “मामी, हे काय केलं?”

“काय केलं?” ती म्हणाली. “भरली नं ते. काढून ठेवला. संध्याकाळी लावतो.”

“रोज?”

“रोजच. हिरवा दिवा आला का काढतो. थंडीत कधी येच नाही, मंग तसाच राहे. आता तं बारा वाजता येते.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

मामीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करते आहे. “तूच तं सांगतलं होतं वो. दिवाळीत. जास्त भरली का बॅटरी फुगते, घरात फुटू शकते. आणि हा काचेचा तुकडा कसा काढाचा, कसा लावाचा, तेही तूच दाखवलं. यायले तं बाजेवरून उठता येत नाही. फुटली तं मी कोठं घेऊन पळू यायले?”

मला आठवलं. संच बसवला तो दिवस. दुपारी ताईचा फोन येत होता, तिला धाप लागत होती, गोंदियाला न्यायचं होतं. डबा कशासाठी असतो हे मामीनं विचारलं तेव्हा मी घाईत म्हटलं होतं, बॅटरी जास्त भरली तर फुगते, कधी फुटते, म्हणून हा लावतात. मग फ्यूज बदलायचा कसा ते दाखवलं. भरणं थांबवायचं काम डबा आपणहून करतो, हे वाक्य राहून गेलं. म्हणजे मी म्हटलंच नाही. मामीनं अर्धी गोष्ट ऐकली आणि उरलेलं काम आपल्या अंगावर घेतलं.

आणि नेमकं तेच करायचं नसतं. ऊन डोक्यावर असताना कंट्रोलरपासून बॅटरी तोडली तर पॅनलचा सगळा दाब एकट्या डब्यावर येतो. आधी पॅनल सोडायचं, मग बॅटरी, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मामी रोज भर दुपारी तेच करत होती. डबा काही दिवस सोसायचा आणि मग जळायचा. मी सकाळी यायची तेव्हा फ्यूज जागेवर असायचा, कारण रात्रीच्या दिव्यासाठी मामीनं तो परत लावलेला असायचा. काळी टोकं मी तीनदा बघितली होती. आदल्या दोन्ही खेपांना ती घासून मी साडेदहापर्यंत निघून गेले होते.

मी पटकन वर जाऊन पॅनलची वायर सोडली, मग फ्यूज परत लावला, मग पॅनल जोडलं. डबा अजून जिवंत होता. हिरवा दिवा लागला.

“मामी,” मी म्हटलं, “डबे जळाले ते यामुळे.”

ती बाजेच्या कडेवर बसली. मग मामांकडे वळली. “तुमाले मालूम होतं?”

मामांनी मान हलवली. हो.

“कसं मालूम?”

डाव्या हातानं त्यांनी हवेत गोल फिरवलं, स्टिअरिंग धरल्यासारखं. मामीला कळलं. तिनं मला सांगितलं की लकव्याच्या आधी कितीतरी वर्षं मामा अर्जुनी मोरगावकडे एका राइस मिलवर ट्रॅक्टर चालवायचे. तेव्हा मलाही कळलं. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची नसते, आतलं जळतं, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ठाऊक असतंच. हे माणूस चार महिने बाजेवरून रोज दुपारी बघत होतं आणि सांगत होतं. बायकोला वाटायचं पंखा मागतात. फ्यूज काढलेला असायचा, पंखा लागत नसायचा, म्हणून ती त्यांना म्हणायची, संध्याकाळी लावून देईन. मी आले तेव्हा त्यांनी मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, हो मामा, झालं.

मामीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती आवाज करत नव्हती. मामांचा निकामी उजवा हात तिनं उचलून मांडीवर घेतला आणि चोळत बसली. “मी तुमाले गरमीत ठेवलं,” ती म्हणाली. “आणि वरून चिल्लावलो. कायले सारखा हात करता म्हणून चिल्लावलो.”

मला वाटलं आता मलाही काहीतरी होईल. काही झालं नाही. मी म्हटलं, “चूक तुमची नाही मामी. मी अर्धंच सांगितलं.” हे मी खरं म्हणून म्हटलं. एखादं रीडिंग वाचावं तसा माझा आवाज आला.

“अर्धं काऊन सांगतलं?” मामी म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो बरोबर होता.

“बहिणीचा फोन येत होता. घाईत होते.”

तिनं डोळे पुसले. “मंग आता पुरं सांग.”

मी पुरं सांगितलं. तिला सहजासहजी पटलं नाही. “भरल्यावर थांबवते कोण?” “हाच डबा.” “याले काय कळते?” मी मल्टीमीटर बॅटरीला लावून तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, बघा, आकडा चौदाच्या पुढे फार जाणार नाही. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण बदलला की नाही हे दिसतं. आम्ही तिघं तो आकडा बघत बसलो, तासभर तरी. तो जरा वर गेला, थांबला, मग उतरून एका जागी स्थिरावला. मामा बाजेवरून मान तिरकी करून बघत होते. शेवटी मामी म्हणाली, “थांबली खरी.”

निघताना मी चिकटपट्टी काढली. होल्डरभोवती गुंडाळून टाकावी, म्हणजे पुन्हा उघडणार नाही.

“बांधू नको,” मामी म्हणाली. “माह्यावर भरोसा नाही का?”

मी पट्टी परत बॅगेत ठेवली.

सुपरवायझरला संध्याकाळी सगळं सांगितलं. फॉर्ममध्ये बिघाडाचं कारण लिहायचं असतं, तिथं ‘ग्राहकाची चूक’ अशी एक चौकट आहे. त्यानं तीच भरायला सांगितली. मी म्हटलं, चूक ग्राहकाची नाही, तंत्रज्ञाची आहे, अपुरी सूचना दिली. तो म्हणाला, “मॅडम, ऐसा तो कॉलम ही नहीं है.” मी खाली उरलेल्या कोऱ्या जागेत हातानं लिहिलं आणि फोटो पाठवला. त्यानं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. मला कुणी तरी विचारावं असं वाटत होतं, की नव्हतं, तेही नक्की सांगता येणार नाही.

मामीच्या घरात तो चौथा डबा अजून चालू आहे. मे महिन्यात गेले तेव्हा भर दुपारी मामांवर पंखा फिरत होता आणि होल्डरवर धूळ बसली होती, म्हणजे कुणी हात लावला नव्हता.

ताईसाठी रडू अजून आलेलं नाही. आता मी त्याची वाट बघत नाही. भात मात्र एकटीपुरता टाकायला जमतं.

दिवाळीच्या त्या महिन्यात मी आणखी अकरा घरांत संच बसवले होते. ताईचे फोन तेव्हा रोजच येत होते, म्हणजे तिथंही घाईच झाली असणार. मार्च-एप्रिलमध्ये मी एकेक करून सगळ्या घरी गेले, तक्रार नसताना. नऊ घरांत काही नव्हतं. एका घरी बॅटरी जास्त भरू नये म्हणून दुपारी पॅनलवर गोधडी टाकायचे, तेवढ्यानं बिघडलं काहीच नव्हतं, फक्त बॅटरी लवकर उतरायची. शेवटच्या घरी, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसलेल्या एका बाईनं मला सांगितलं की तिची सासूही फ्यूज काढून ठेवते, कधी कधी. मी दोघींना बसवून पुरं सांगितलं, मीटर लावून दाखवलं. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं.

“इतके रोज काऊन नाही सांगतलं?” तिनं विचारलं.

“राहून गेलं,” मी म्हटलं.

तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी बसले.